'अ' जीवनसत्त्व आणि थायरॉईड : टीएसएच उतरणे वेगळे, ग्रंथी सुधारणे वेगळे

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्तीचे वय चौतीस. दोन वर्षांपूर्वी टीएसएच (थायरॉईडला काम करण्याचा आदेश देणारे संप्रेरक; थायरॉईड मंद असली की ते सहसा वाढते) ९ च्या आसपास आढळले, थायरॉईडविरोधी प्रतिपिंडेही वाढलेली होती, म्हणून लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईडच्या संप्रेरकाची, ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. अलीकडच्या तपासणीत टीएसएच ५.६ आले आहे. केस गळतात, त्वचा कोरडी पडते, थकवा जात नाही आणि काही महिन्यांपासून तळहात पिवळसर दिसत आहेत. 'अ' जीवनसत्त्व कमी असेल तर थायरॉईड नीट चालत नाही असे वाचून त्यांनी रोज गाजराचा रस सुरू केला. पुढे, थायरॉईड मंद असलेल्यांच्या शरीरात गाजरातल्या कॅरोटीन या रंगद्रव्याचे 'अ' जीवनसत्त्व होतच नाही असेही त्यांच्या वाचनात आले. म्हणून आता रोज २५,००० आययूची (आंतरराष्ट्रीय एककांची) रेटिनॉलची, म्हणजे तयार 'अ' जीवनसत्त्वाची, कॅप्सूल घ्यावी का, आणि त्याने गोळीचा डोस कमी होईल का, असे त्या विचारतात. वर्षभरात मूल होऊ देण्याचा विचार आहे, हे त्यांनी अगदी शेवटी, ओझरते लिहिले आहे. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर तोच आहे.

उत्तराचा गाभा आधीच सांगते, कारण लांब लेखातला निर्णय शेवटपर्यंत राखून ठेवणे रुग्णाच्या हिताचे नसते. ती कॅप्सूल कृपया सुरू करू नका, आणि सुरू केली असेल तर थांबवून आपल्या डॉक्टरांना कळवा. 'अ' जीवनसत्त्व आणि थायरॉईड यांचा संबंध खरा आहे, तो दोन्ही दिशांनी चालतो आणि त्यावर चांगले संशोधनही झाले आहे. परंतु तुम्ही दिलेल्या माहितीवरून तुमच्या बाबतीत कार्यकारणाचा प्रवाह थायरॉईडकडून जीवनसत्त्वाकडे वाहतो आहे, जीवनसत्त्वाकडून थायरॉईडकडे नव्हे. शिवाय मोठ्या मात्रेतील रेटिनॉलने टीएसएच उतरू शकते आणि तरीही थायरॉईड ग्रंथी होती तशीच राहू शकते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही इथेच मान्य करायला हवे. तुम्ही अंडी, दूध, मासे, यकृत यांपैकी काही खाता की नाही, तुम्हाला जुनाट जुलाब, सीलिॲक रोग (गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार), स्वादुपिंडाचा किंवा यकृताचा आजार आहे का, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली आहे का, संध्याकाळी कमी उजेडात दिसायला अडचण येते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. यांपैकी एखाद्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेल तर माझ्या सल्ल्याचा काही भाग बदलेल. कसा बदलेल ते पुढे येईलच.

आता संबंध नेमका कुठे आहे ते पाहू. रक्तात रेटिनॉल एकटे फिरत नाही. यकृतात तयार होणाऱ्या एका लहान वाहक प्रथिनाला ते चिकटलेले असते आणि ते लहान प्रथिन ट्रान्सथायरेटिन नावाच्या मोठ्या प्रथिनाला जोडलेले असते. या जोडणीमुळेच ते मूत्रपिंडातून गळून जात नाही. हेच ट्रान्सथायरेटिन थायरॉक्सिनचाही (थायरॉईडच्या मुख्य संप्रेरकाचा, म्हणजे टी४चा) काही भाग वाहून नेते, मात्र थायरॉक्सिनचा मोठा हिस्सा, साधारण सत्तर टक्क्यांच्या वर, दुसऱ्याच एका वाहक प्रथिनाला बांधलेला असतो. वाहन सामायिक असल्यामुळे एकाची कमतरता दुसऱ्याला अडवत असेल असा तर्क अनेक ठिकाणी मांडलेला दिसतो, पण तो टिकत नाही. उंदरांच्या जनुकांतून ट्रान्सथायरेटिन काढून टाकले गेले तेव्हा त्यांच्या रक्तातले रेटिनॉल आणि थायरॉक्सिन हे दोन्ही बरेच उतरले, तरीही ते प्राणी निरोगी राहिले आणि त्यांच्या ऊतींना संप्रेरकाचा तुटवडा पडला नाही. वाहकाला बांधलेला साठा कमी झाला तरी पेशींना मिळणारा मुक्त अंश शरीर सांभाळून घेते.

खरा आणि अधिक खोल संबंध पेशीच्या केंद्रकात आहे. थायरॉईडचे सक्रिय संप्रेरक, म्हणजे टी३, केंद्रकातील आपल्या रिसेप्टरला (संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाला) चिकटते आणि तो रिसेप्टर बहुतेक वेळा आरएक्सआर नावाच्या दुसऱ्या रिसेप्टरशी जोडी करून जनुकांवर बसतो. हा आरएक्सआर 'अ' जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनॉइक आम्लांच्या कुटुंबाला प्रतिसाद देणारा आहे. इथूनच "'अ' जीवनसत्त्व नसेल तर थायरॉईडचे संप्रेरक पेशीत कामच करत नाही" हे वाक्य निघाले असावे. ते अतिशयोक्त आहे. थायरॉईड रिसेप्टरशी जोडी झालेली असताना आरएक्सआर बहुतांशी मूक जोडीदाराची भूमिका करतो. त्याची उपस्थिती लागते, पण त्याच्या खिशात रेटिनॉइडचा, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाच्या कुटुंबातला, रेणू असायलाच हवा असे नसते. त्यामुळे पोटात अधिक रेटिनॉल गेले म्हणून टी३चे काम त्याच प्रमाणात वाढेल, ही अपेक्षा शरीरक्रियेला धरून नाही.

तिसरे ठिकाण मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीत आहे, आणि तुमच्या प्रश्नासाठी तेच सर्वांत मोलाचे आहे. टीएसएच याच ग्रंथीत तयार होते. ते बनवणाऱ्या जनुकावर थायरॉईडचे संप्रेरक जसा लगाम ठेवते, तसाच एक स्वतंत्र लगाम रेटिनॉइडांचाही असतो. 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता घडवून आणलेल्या उंदरांमध्ये हा दुसरा लगाम सैल होतो आणि टीएसएचचे उत्पादन वाढते. गंमत अशी की त्या प्राण्यांच्या रक्तातील थायरॉक्सिनही वाढलेले सापडते. नेहमी आपण टीएसएच वाढले की थायरॉक्सिन कमी असणार असे धरून चालतो, पण इथे दोन्ही वर जातात, कारण पिट्युइटरीला "आता पुरे" हा संदेश नीट पोचत नाही.

माणसांत असे घडते का? घडते, पण ठरावीक परिस्थितीत. मोरोक्कोमध्ये आयोडीन आणि 'अ' जीवनसत्त्व या दोन्हींची कमतरता असलेल्या, गलगंड झालेल्या मुलांवरचे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. ज्या मुलांत जीवनसत्त्वाची कमतरता जास्त तीव्र होती त्यांचे टीएसएच जास्त होते आणि ग्रंथीही मोठी होती, मात्र त्यांचे थायरॉक्सिनही वरच्या बाजूला होते, म्हणजे थायरॉईडच्या मंदपणाचा धोका उलट कमी दिसला. नंतर सर्व मुलांना आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले आणि त्यांपैकी काहींना जोडीला २,००,००० आययू 'अ' जीवनसत्त्व काही महिन्यांच्या अंतराने दोनदा दिले गेले. ज्यांना दोन्ही मिळाले त्यांचे टीएसएच आणि गलगंडाचे प्रमाण अधिक उतरले. हे संशोधन सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने फार मोलाचे आहे आणि मला त्याबद्दल आदर आहे. पण ती मुले कुपोषित होती, त्यांच्या गलगंडाचे मूळ आयोडीनच्या अभावात होते आणि त्यांना दिलेले औषध वास्तविक उणीव भरून काढणारे होते. तुमच्या बाबतीत प्रतिपिंडे वाढलेली आहेत. याचा अर्थ तुमची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा थायरॉईडच्या पेशींवर हल्ला करत आहे. त्या हल्ल्याला रेटिनॉल थांबवते असे मी माझ्या रुग्णांमध्ये पाहिलेले नाही, आणि तसे मानण्यासारखा भक्कम पुरावाही नाही.

२५,००० आययू हा आकडा तुम्हाला कुठून मिळाला असावा याचा मला अंदाज आहे. इराणमध्ये रजोनिवृत्तीपूर्व वयाच्या स्त्रियांना चार महिने रोज एवढीच मात्रा देऊन केलेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात टीएसएच उतरले आणि टी३ वाढले. त्या स्त्रियांची निवड वजनावरून झाली होती, थायरॉईडच्या रुग्ण म्हणून नव्हे, आणि संख्याही लहान होती. हा अभ्यास "थायरॉईडवर नैसर्गिक उपाय" अशा मथळ्यांखाली फिरतो. आकडा उतरला म्हणजे आजार उतरला, असे वाचणाऱ्याला सहज वाटते, आणि त्याबद्दल वाचणाऱ्याला दोष देता येणार नाही.

या गैरसमजावरचा सर्वांत स्पष्ट पुरावा एका औषधाने दिला आहे. बेक्सारोटीन हे आरएक्सआरला थेट चेतवणारे औषध अमेरिकेत १९९९ साली त्वचेच्या एका प्रकारच्या लिम्फोमासाठी (कर्करोगासाठी) मंजूर झाले. ते घेणाऱ्या रुग्णांचे टीएसएच झपाट्याने खाली येते. आणि त्याच वेळी त्यांचे फ्री टी४ (रक्तातील मुक्त थायरॉक्सिन) सुद्धा खाली येते, रुग्णाला थकवा येतो, थंडी सहन होत नाही आणि त्याला लेव्होथायरॉक्सिन द्यावे लागते. अशा रुग्णाचा डोस आम्ही टीएसएच पाहून ठरवत नाही, फ्री टी४ पाहून ठरवतो, कारण टीएसएच हा आकडाच औषधाने दाबून टाकलेला असतो. वजनकाट्याचा काटा बोटाने मागे धरून वजन घटल्याचे समाधान मानावे, तशी ही स्थिती आहे. कॅप्सूलमधले रेटिनॉल बेक्सारोटीनइतके तीव्र नसते हे मान्य आहे, पण पिट्युइटरीवरचा मार्ग तोच आहे. उद्या तुमचे टीएसएच ५.६ वरून ३.५ वर आले, तर ते ग्रंथी सावरल्यामुळे आले की पिट्युइटरीला गप्प केल्यामुळे आले, हे त्या एका आकड्यावरून कोणालाही सांगता येणार नाही. एवढ्यावर डोस कमी केला तर नुकसान तुमचे होईल.

इथवरचे सार एवढेच, की 'अ' जीवनसत्त्वाची खरी कमतरता टीएसएच वाढवू शकते आणि ती भरून काढणे योग्य आहे, पण कमतरता नसताना दिलेली मोठी मात्रा टीएसएचच्या आकड्याला हात लावते, थायरॉईडच्या आजाराला नाही.

आता पिवळ्या तळहातांकडे वळू, कारण तुमच्या पत्रातली शारीरिक खूण म्हणून ती मला सर्वांत बोलकी वाटते. कॅरोटीनचे रेटिनॉलमध्ये रूपांतर करणारे विकर (एन्झाइम) मुख्यतः आतड्याच्या आवरणात आणि काही प्रमाणात यकृतात असते. थायरॉईडचे संप्रेरक कमी असताना हे रूपांतर मंदावते, शिवाय रक्तातील मेदयुक्त कण वाढलेले असतात आणि कॅरोटीन त्यांच्याच आश्रयाने फिरते. परिणामी ते त्वचेत, विशेषतः तळहात, तळपाय आणि नाकाच्या बाजूंना साठते. रोज गाजराचा रस घेणाऱ्या निरोगी माणसातही हे दिसते. थायरॉईड मंद असेल तर कमी कॅरोटीनवरही दिसते. रूपांतर "होतच नाही" हे म्हणणे मात्र चुकीचे आहे. ते मंदावते, आणि उपचाराने संप्रेरक पुरेसे झाले की सुधारते. एक खात्री मात्र आरशासमोर, दिवसाच्या उजेडात करून घ्या: डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसतो का? कॅरोटीनमुळे तो पिवळा होत नाही. तो पिवळा असेल किंवा लघवी गडद होत असेल तर ही कावीळ असू शकते आणि लगेच तपासणी करावी लागेल. मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या काही विकारांतही त्वचेत असा पिवळेपणा येतो, म्हणून रक्तातील साखर आणि लघवीची साधी तपासणी करून घेण्यास माझी हरकत नाही, उलट आग्रह आहे.

कॅरोटीनमुळे आलेला रंग निरुपद्रवी असतो. रस थांबवला की तो काही आठवड्यांत ते काही महिन्यांत फिका पडतो. गाजर, पालेभाज्या, भोपळा हे सर्व जेवणात जरूर असू द्या. शरीर आपल्या गरजेनुसारच त्यांचे रेटिनॉल बनवते आणि म्हणून अन्नातील कॅरोटीनने 'अ' जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही. कॅरोटीनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या ही मात्र वेगळी बाब आहे. तुम्ही धूम्रपान करत असाल तर त्या कटाक्षाने टाळा: फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला.

'अ' जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करावी का, असेही तुम्ही विचारले असते असे गृहीत धरते. सरसकट करण्याची गरज नाही. शरीरातील साठ्याचा बहुतांश भाग यकृतात असतो आणि तो जवळजवळ संपेपर्यंत यकृत रक्तातील पातळी टिकवून धरते, त्यामुळे सामान्य अहवालावरून साठा किती हे कळत नाही. याउलट ताप, संसर्ग किंवा दाह असताना वाहक प्रथिन कमी होते आणि साठा भरपूर असूनही रेटिनॉल कमी दिसते. जस्ताच्या कमतरतेतही असेच घडू शकते. दाह नसताना पातळी ०.७ मायक्रोमोल प्रतिलिटरच्या खाली असेल आणि जोडीला रातांधळेपणा, डोळ्यांचा कोरडेपणा, चरबीचे पचन बिघडवणारा एखादा आजार किंवा अतिशय तुटपुंजा आहार असेल, तर मी कमतरता मानते आणि उपचार करते. मघाशी विचारलेल्या प्रश्नांपैकी एखाद्याचे उत्तर 'होय' असेल तर सल्ला बदलेल असे म्हटले, ते यासाठीच. सीलिॲक रोग तर थायरॉईडविरोधी प्रतिपिंडे असलेल्यांमध्ये इतरांपेक्षा अधिक आढळतो, आणि तो जीवनसत्त्वाबरोबरच लेव्होथायरॉक्सिनचे शोषणही बिघडवतो. म्हणून गोळी नियमित घेऊनही डोस सतत वाढवावा लागत असेल तर त्याची तपासणी मी आवर्जून करते.

मात्रेचे गणित एकदा नीट पाहू. १ आययू रेटिनॉल म्हणजे ०.३ मायक्रोग्रॅम, म्हणजे तुमची कॅप्सूल ७,५०० मायक्रोग्रॅमची झाली. प्रौढ स्त्रीची दैनंदिन गरज साधारण ७०० मायक्रोग्रॅम आणि तयार रेटिनॉलची सुरक्षित कमाल मर्यादा ३,००० मायक्रोग्रॅम मानली जाते. त्या मर्यादेच्या अडीचपट मात्रा रोज घेतली तर यकृतात साठा वाढत जातो, कारण ते जीवनसत्त्व पाण्यात विरघळून बाहेर पडणारे नाही. जास्त झालेल्या 'अ' जीवनसत्त्वाची लक्षणे तुम्हाला ओळखीची वाटतील: कोरडी त्वचा, फुटलेले ओठ, केस गळणे, थकवा, हाडे दुखणे, डोकेदुखी. ज्या तक्रारींसाठी तुम्ही कॅप्सूल घेऊ पाहत आहात त्यांतल्या बऱ्याचशा ती कॅप्सूलच निर्माण करू शकते, आणि मग त्या तक्रारी थायरॉईडच्या आहेत असे समजून मात्रा आणखी वाढवली जाते. असे चक्र मी माझ्या दवाखान्यात पाहिले आहे आणि ते सोडवायला फार वेळ लागतो.

मग टीएसएच ५.६ चे काय करायचे? तुमच्या थकव्याचे आणि मंदावलेल्या रूपांतराचे सर्वांत साधे स्पष्टीकरण हेच आहे, की तुम्हाला मिळणारे थायरॉक्सिन अजून अपुरे आहे. डोस वाढवण्यापूर्वी मी गोळी कशी घेतली जाते ते विचारते. ती सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर आणि खाण्याच्या किंवा कॉफीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. लोह, कॅल्शियम किंवा खनिजे असलेल्या गोळ्यांत आणि तिच्यात चार तासांचे अंतर ठेवावे. केसांसाठी बायोटिनची गोळी घेत असाल तर तपासणीच्या किमान दोन दिवस आधी ती बंद ठेवा, कारण काही प्रयोगशाळांच्या पद्धतींत बायोटिनमुळे टीएसएच खोटे कमी आणि फ्री टी४ खोटे जास्त दिसते. हे सर्व नीट असूनही आकडा वर असेल तर डोस वाढवणे योग्य ठरेल आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच व फ्री टी४ एकत्र तपासावे लागेल. केसांसाठी फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि हिमोग्लोबिनही पाहा. मासिक पाळी सुरू असलेल्या स्त्रियांमध्ये केस गळण्यामागे लोहाची कमतरता मला वारंवार सापडते. टीएसएच जागेवर आल्यानंतरही केसांना सावरायला कित्येक महिने लागतात, तेव्हा दोन महिन्यांत फरक दिसला नाही म्हणून उपचार निष्फळ समजू नका.

आणि आता मूल होऊ देण्याच्या विचाराबद्दल. गर्भाच्या अवयवांची मांडणी पहिल्या काही आठवड्यांत, अनेकदा गर्भधारणा लक्षात येण्यापूर्वीच, सुरू झालेली असते, आणि तयार रेटिनॉलच्या मोठ्या मात्रा त्याच काळात गर्भात व्यंग निर्माण करू शकतात. रोज १०,००० आययूपेक्षा अधिक तयार 'अ' जीवनसत्त्व गर्भधारणेच्या सुमारास घेणे म्हणूनच टाळायला सांगितले जाते, आणि यकृतातील साठा हळूहळू कमी होत असल्यामुळे "गर्भ राहिला की थांबवीन" हा हिशेब उपयोगाचा नाही. वारंवार यकृत खाणे आणि माशांच्या यकृताचे तेल घेणे हेही याच हिशेबात धरा. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर ते याच कुटुंबातले औषध आहे. त्याबद्दल डॉक्टरांना न विसरता सांगा. दुसरीकडे, लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्या स्त्रीचे टीएसएच गर्भधारणेपूर्वी २.५ च्या खाली आणण्याचा आमचा प्रयत्न असतो, कारण सुरुवातीच्या महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असते आणि गर्भ राहिल्यावर गरज आणखी वाढते. तेव्हा पुढच्या भेटीत कॅप्सूलऐवजी हा विषय डॉक्टरांसमोर आधी मांडा, डोस आताच नीट बसवून घ्या, आणि पाळी चुकल्याचे लक्षात येताच गोळी बंद न करता त्याच आठवड्यात टीएसएच तपासून घ्या.